पेशीश्वसन: पेशी अन्नातली ऊर्जा कशी मोकळी करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत जीवशास्त्र शिकवताना आणि शिकवणे थांबल्यावरही जे प्रश्न विद्यार्थी, पालक आणि शेती करणारे वाचक पुन्हा पुन्हा पाठवत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. श्वास घेणे म्हणजेच श्वसन ना? मग ‘पेशीश्वसन’ हा वेगळा शब्द कशासाठी?

रोजच्या बोलण्यात दोन्हींसाठी एकच शब्द चालतो आणि पुढच्या बहुतेक गोंधळाचे मूळ तिथेच आहे. नाकावाटे हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे हा श्वासोच्छ्वास होय. ती स्नायूंची हालचाल असून तिच्यातून ऊर्जा मिळत नाही, उलट थोडी खर्चच होते. पेशीश्वसन ही रासायनिक प्रक्रिया आहे. ती प्रत्येक जिवंत पेशीत अहोरात्र चालते आणि तिच्यात अन्नाचे रेणू टप्प्याटप्प्याने मोडून त्यांच्यातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात साठवली जाते. गांडुळाला फुप्फुसे नसतात, आंब्याच्या झाडाला नाक नसते आणि यीस्ट तर मुळातच एका पेशीचे असते, तरीही तिघांत पेशीश्वसन चालू असते. आपल्या शरीरात फुप्फुसे आणि रक्त हे फक्त ऑक्सिजन पोचवण्याचे व कार्बन डायऑक्साइड परत नेण्याचे काम करतात. खरे काम पेशीच्या आत होते.

२. ग्लुकोज ऑक्सिजनबरोबर ‘जळते’ असे म्हणतात. मग पेशी भाजून का निघत नाही?

जमाखर्च पाहिला तर दोन्हीकडे प्रक्रिया एकच आहे: ग्लुकोजचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे सहा रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि पाण्याचे सहा रेणू तयार होतात. १८० ग्रॅम ग्लुकोज चुलीत जाळले काय किंवा पेशींनी वापरले काय, मोकळी होणारी ऊर्जा सुमारे २,८७० किलोज्यूल एवढीच असते. फरक आहे तो वाटेत. घाटमाथ्यावरून दरीत कोसळणे आणि नागमोडी रस्त्याने उतरणे यांत उंचीचा फरक तोच असतो, पण दुसऱ्या वाटेने माणूस धड पोचतो. पेशीत हा उतार वीसपेक्षा अधिक पायऱ्यांचा असून जवळजवळ प्रत्येक पायरीवर एक वेगळे विकर (एन्झाइम, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन) काम करते, त्यामुळे एका वेळी थोडीशीच ऊर्जा सुटते. पाठ्यपुस्तकी हिशेबाने तिच्यातली साधारण एक तृतीयांश एटीपी या रेणूमध्ये (प्रश्न ३) साठते आणि उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता निव्वळ वाया जाते असे समजू नये. आपल्या शरीराचे ३७ अंशांचे तापमान तिच्यावरच टिकते.

येथे शब्दाबद्दल एक आग्रह धरावासा वाटतो. श्वसनात ऊर्जा ‘तयार होते’ असे लिहू नये. ती ग्लुकोजच्या रेणूत आधीपासून असते आणि तिथे ती सूर्यप्रकाशातून आलेली असते. श्वसन ती मोकळी करते.

३. एटीपी म्हणजे नक्की काय?

अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट या रेणूला फॉस्फेटचे तीन गट एकापुढे एक जोडलेले असतात. पाण्याशी अभिक्रिया होऊन शेवटचा गट सुटला की ऊर्जा मिळते आणि रेणू एडीपी होतो. श्वसनातून मिळालेल्या ऊर्जेने तो गट परत जोडला की पुन्हा एटीपी होतो. प्रमाण परिस्थितीत ही ऊर्जा एका मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल असते. शंभर रुपयांची नोट घेऊन बसमध्ये चढल्यावर जी अडचण होते, तीच ग्लुकोजबाबत पेशीची होते: रक्कम मोठी, पण प्रत्येक कामाला सुटे पैसे लागतात. एटीपी हे सुटे पैसे आहेत, म्हणून त्याला ऊर्जेचे चलन म्हणतात.

मात्र हे चलन साठवून ठेवता येत नाही. शरीरात कोणत्याही क्षणी असलेले एटीपी फार तर काही तोळे भरेल, पण तेच पुन्हा पुन्हा मोडून व जोडून दिवसभरात वापरले जाणारे एकूण एटीपी जवळजवळ माणसाच्या स्वतःच्या वजनाइतके होते. श्वसन काही मिनिटे थांबले तरी मेंदूला इजा होते, ती यामुळेच.

एटीपीच्या शोधाचा भारताशी थेट संबंध आहे आणि तो आपल्या पुस्तकांतून अधिक ठळकपणे यायला हवा. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूंतून हा रेणू वेगळा केला. भीमावरमला जन्मलेल्या सुब्बारावांनी फिस्के यांच्याबरोबर त्याआधी, १९२७ मध्ये, फॉस्फोक्रिएटिनही शोधले होते. हा पदार्थ जोरदार धावण्याच्या पहिल्या काही सेकंदांत एटीपी भरून काढतो.

४. ग्लुकोजचे विघटन कोणत्या टप्प्यांनी आणि पेशीत कुठे होते?

पहिला टप्पा ग्लुकोज-विघटनाचा. तो पेशीद्रव्यात होतो आणि त्याला ऑक्सिजन लागत नाही. सहा कार्बनच्या ग्लुकोजपासून तीन कार्बनच्या पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू तयार होतात. त्यात एटीपीचे दोन रेणू आधी खर्चावे लागतात आणि नंतर चार मिळतात, म्हणजे निव्वळ लाभ दोनचा. एम्बडेन, मेयरहॉफ आणि पार्नस यांच्या नावाने हा मार्ग ओळखला जातो.

त्यानंतर पायरुव्हिक आम्ल तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा मोकळी करणारे अंगक) शिरते. तिथे एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो आणि दोन कार्बनचा उरलेला तुकडा को-एन्झाइम-ए या सहविकराला जोडला जाऊन ॲसेटिल-को-एन्झाइम-ए तयार होते. हा तुकडा मग क्रेब चक्रात येतो. चार कार्बनच्या आम्लाशी जोडला जाऊन त्याचे सहा कार्बनचे सायट्रिक आम्ल होते आणि पुढच्या पायऱ्यांत दोन कार्बन गळून चार कार्बनचे मूळ आम्ल परत मिळते, म्हणून याला चक्र म्हणायचे. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये शेफील्ड येथे याची मांडणी केली. त्यांचे टिपण ‘नेचर’ने जागेअभावी तेव्हा परत पाठवले होते; ते दुसऱ्या नियतकालिकात छापून आले आणि १९५३ मध्ये याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्यार्थ्यांना नेहमी वाटते की क्रेब चक्रात भरपूर एटीपी मिळत असणार. प्रत्यक्षात एका ग्लुकोजमागे तिथे थेट दोनच मिळतात. त्या चक्राची खरी कमाई म्हणजे अन्नातून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन. ते एनएडीएच आणि एफएडीएच२ या वाहक रेणूंवर चढवले जातात आणि तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरील इलेक्ट्रॉन वहन साखळीकडे सोपवले जातात. साखळीत इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जाताना सुटणाऱ्या ऊर्जेवर हायड्रोजनचे प्रभारित कण, म्हणजे प्रोटॉन, पटलाच्या एका बाजूला ढकलले जातात. तिथे त्यांची दाटी होते आणि परतण्यासाठी त्यांना मुख्यतः एकच दार उघडे असते: एटीपी सिन्थेज हे प्रथिन. प्रोटॉन त्यातून वाहताना या प्रथिनाचा एक भाग पाणचक्कीसारखा खरोखर गरगर फिरतो आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्यात एटीपीचे तीन रेणू तयार होतात.

पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा अनेक जाणकारांना ती पटली नव्हती. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

५. मग ऑक्सिजन नक्की लागतो कुठे? आपण सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडमध्ये आपण घेतलेलाच ऑक्सिजन असतो का?

नाही. ऑक्सिजन लागतो तो अगदी शेवटी, इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या टोकाशी, जिथे तो आलेले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते. म्हणजे आपण आत घेतलेला ऑक्सिजन शरीरातल्या पाण्यात जातो, तर बाहेर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो. टोकाला ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉन पुढे सरकत नाहीत, वाहक रेणू रिकामे होत नाहीत आणि क्रेब चक्राने ऑक्सिजनला कधी स्पर्शही केलेला नसताना तेदेखील थांबते.

६. एका ग्लुकोजपासून एटीपी ३८ मिळतात की ३६, ३२ की ३०? परीक्षेत काय लिहू?

परीक्षेत आपल्या मंडळाच्या पुस्तकात असलेला आकडा लिहावा, पण तो कुठून येतो हे समजून घ्यावे. एका ग्लुकोजमागे एनएडीएचचे १० आणि एफएडीएच२ चे २ रेणू मिळतात. पूर्वी प्रत्येक एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएच२ मागे २ एटीपी धरत असत. त्यांत थेट मिळालेले ४ मिळवले की ३८ होतात. प्रत्यक्ष मोजमापे सुधारल्यावर हे आकडे अनुक्रमे २.५ आणि १.५ असे धरले जाऊ लागले: २५ अधिक ३ अधिक ४, म्हणजे ३२. पेशीद्रव्यात तयार झालेल्या दोन एनएडीएचचे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत नेण्याच्या दोन वाटा आहेत. त्यांतल्या महागड्या वाटेने दोन एटीपी कमी मिळतात, म्हणून नव्या हिशेबात ३० आणि जुन्यात ३६. चारही आकडे पुस्तकांत सापडतात ते यामुळे. अपूर्णांक पाहून बिचकू नये: प्रोटॉनच्या प्रवाहाने एटीपी तयार होत असल्यामुळे हा मेळ पूर्णांकात बसलाच पाहिजे असे काही नाही.

७. ऑक्सिजन नसताना काय होते? दही, इडलीचे पीठ आणि फेणी यांत एकच प्रक्रिया आहे का?

ग्लुकोज-विघटनाला ऑक्सिजन लागत नाही (प्रश्न ४), पण ते चालू राहण्यासाठी इलेक्ट्रॉनवाहक रिकामे होत राहावे लागतात. ऑक्सिजन नसेल तर पेशी ते इलेक्ट्रॉन पायरुव्हिक आम्लावर किंवा त्यापासून झालेल्या पदार्थावर परत टाकते. यालाच किण्वन म्हणतात. त्यात पूर्ण श्वसनाच्या तुलनेत अगदी थोडे, बहुधा दोनच एटीपी पदरात पडतात.

ते इलेक्ट्रॉन कशावर टाकले जातात त्यानुसार पदार्थ बदलतो. दह्यातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि वायू जवळजवळ सोडत नाहीत, म्हणून चांगले दही घट्ट आणि सलग लागते. इडलीच्या पिठातल्या ल्युकोनॉस्टॉकसारख्या जिवाणूंपासून आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सुटतो, म्हणून पीठ आंबते आणि फुगतेही. गोव्यात काजूच्या बोंडांच्या रसावर यीस्ट काम करते तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याच रसाच्या ऊर्ध्वपातनातून आधी उर्राक आणि मग फेणी मिळते.

पाठ्यपुस्तकात या सगळ्याला विनॉक्सिश्वसन म्हटलेले असते आणि शालेय पातळीवर ते चालते. पुढे गेल्यावर मात्र भेद करावा लागतो. काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट किंवा सल्फेट वापरून इलेक्ट्रॉन वहन साखळी चालवतात. काटेकोर अर्थाने विनॉक्सिश्वसन ते, आणि साखळीशिवाय चालते ते किण्वन.

८. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे का?

नाही, आणि हा समज आता सोडून द्यायला हवा. जोरात धावताना स्नायूंत लॅक्टेट वाढते हे खरे, पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्ववत होते. काही लॅक्टेट यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होते (कार्ल आणि गर्टी कोरी यांच्या नावाने हे चक्र ओळखले जाते) आणि काही हृदयाचे स्नायू थेट इंधन म्हणून वापरतात. एक-दोन दिवसांनी येणारा ठणका मुख्यतः सवय नसलेल्या ताणामुळे स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचा आणि त्यानंतरच्या दाहाचा असतो.

९. झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात, म्हणून रात्री झाडाखाली झोपू नये, हे खरे आहे का?

वाक्याचा पहिला अर्धा भाग चुकीचा आहे. झाडे दिवसाही श्वसन करतात. फक्त उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग कित्येक पटींनी जास्त असल्यामुळे ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो आणि श्वसन झाकले जाते. रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडते हे बरोबर, पण मोकळ्या हवेत तो कधीच पसरून जातो. खोलीतल्या कुंड्यांबद्दल विचाराल तर विश्रांती घेणारा माणूस मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि त्यापुढे कुंडीतल्या रोपाचा वाटा नगण्य असतो. शेजारी झोपलेल्या माणसाची भीती वाटत नसेल तर मनीप्लँटचीही वाटू नये. झाडाखाली झोपताना साप, विंचू आणि वाळलेल्या फांद्या यांची काळजी मात्र जरूर करावी.

१०. मुळे तर पाणी शोषतात. मग शेतात पाणी साचले की पिके का मरतात? आणि भात का मरत नाही?

क्षार आत ओढून घ्यायला मुळांना एटीपी लागते, आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन मुळे मातीच्या कणांमधल्या हवेतून घेतात. ‘वाफसा’ या आपल्या शब्दात हे ज्ञान मुरलेले आहे: वाफसा म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असणे. पाणी साचले की ती हवा निघून जाते, मुळांना किण्वनावर भागवावे लागते, ऊर्जा अपुरी पडते आणि पाण्यात उभे असूनही तुरीचे किंवा सोयाबीनचे पीक पिवळे पडून मान टाकते.

भाताच्या खोडात आणि मुळांत लांबच लांब हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडची हवा त्यांतून खाली मुळांपर्यंत उतरते. कोकणच्या खाड्यांत आणि ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली टोके दिसतात. ती श्वसनमुळे आहेत. चिखलात ऑक्सिजन नाही, म्हणून मूळच हवेकडे वर येते.

११. मोड आलेल्या मटकीचे फडके आणि आंब्याची अढी हाताला गरम का लागते?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, कारण याच्या उत्तरात श्वसन हाताला जाणवते. रात्री भिजवलेली मटकी फडक्यात घट्ट बांधून ठेवली आणि मोड फुटताना पुरचुंडीच्या मधोमध बोट घातले, तर बाहेरच्या मानाने आत स्पष्ट ऊब लागते. रुजणाऱ्या दाण्यात श्वसनाचा वेग एकदम वाढलेला असतो आणि प्रश्न २ मध्ये सांगितलेली उष्णता पुरचुंडीत कोंडून राहते. घरी करून पाहायचे असेल तर एका थर्मासमध्ये मोड येणारी आणि दुसऱ्यात शिजवून गार केलेली मटकी ठेवून दोन्हींत तापमापक लावावा. वर्गात हा प्रयोग करताना एकदा तिसऱ्या दिवशी शिजवलेल्या मटकीचाही पारा चढला आणि मुले गोंधळली. मेलेले दाणे श्वसन करत नव्हते. त्यांच्यावर वाढलेले जिवाणू आणि बुरशी करत होती. म्हणून दाणे जंतुनाशकात धुऊन घ्यावेत.

हापूससारख्या आंब्यात झाडावरून उतरवल्यानंतर, पिकण्याच्या सुमारास, श्वसनाचा वेग एकदा उसळी घेतो आणि त्याच काळात फळ इथिलीन हा पिकवणारा वायू सोडते. भाताच्या पेंढ्यात घातलेल्या अढीत ही ऊब आणि इथिलीन दोन्ही टिकून राहतात, त्यामुळे आंबे सारखे पिकतात. अढी फार जाड रचली तर मधले आंबे उबून खराब होतात. कांद्याच्या बाबतीत नेमके उलटे हवे असते. साठवलेला कांदाही जिवंत असतो आणि त्याच्या श्वसनातून ऊब व ओलावा बाहेर पडतो, म्हणून कांदाचाळीचा तळ जमिनीपासून उचललेला आणि बाजू फटींच्या ठेवतात.

१२. उपवासात पेशी कशावर चालतात? आणि वजन उतरते तेव्हा चरबी जाते कुठे?

आधी यकृतातले ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले ग्लुकोज, वापरले जाते. ते साधारण दिवसभर पुरते. त्यानंतर मुख्य भार चरबीवर येतो. मेदाम्लांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडून ॲसेटिल-को-एन्झाइम-ए होते, आणि तिथून पुढची वाट ग्लुकोजचीच. प्रथिनांची अमिनो आम्लेही याच मार्गावर निरनिराळ्या ठिकाणी येऊन मिळतात. त्यांचा नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीतून जातो. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या एकादशीत मात्र पेशींना भरपूर ग्लुकोज मिळते, त्यामुळे चरबीपर्यंत वेळ फारशी येत नाही. व्रताचे महत्त्व वेगळे. येथे फक्त इंधनाचा विचार केला आहे.

चरबी घामातून जाते किंवा तिची ऊर्जा होते, अशी उत्तरे सर्रास मिळतात. खरे पाहता १० किलो चरबीपैकी सुमारे ८.४ किलो वस्तुमान कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने फुप्फुसांवाटे बाहेर पडते आणि उरलेले १.६ किलो पाण्याच्या रूपाने.

१३. बी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी ऊर्जा मिळते का?

जीवनसत्त्वात पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा नसते. त्यांपासून सहविकरे तयार होतात. बी१ पायरुव्हिक आम्लाच्या विघटनाला लागते, बी२ पासून एफएडी, बी३ पासून एनएडी आणि बी५ पासून को-एन्झाइम-ए तयार होते. कमतरता असेल तर गोळीने फरक पडतो, नसेल तर अधिकच्या गोळ्यांनी श्वसन वेगाने होत नाही. तांदूळ अति पॉलिश केला की त्यातले बी१ कोंड्याबरोबर निघून जाते, आणि केवळ त्यावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होतो. हातसडीच्या तांदळाचे महत्त्व त्यात आहे.

१४. प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात का?

नाही. आपल्या तांबड्या रक्तपेशींत परिपक्व झाल्यावर तंतुकणिका उरत नाहीत. शरीरभर ऑक्सिजन वाहून नेणारी ही पेशी स्वतः तो वापरत नाही आणि फक्त ग्लुकोज-विघटनावर जगते. जिवाणूंतही तंतुकणिका नसतात, त्यांची इलेक्ट्रॉन वहन साखळी पेशीपटलावरच असते. खुद्द तंतुकणिका एकेकाळचे स्वतंत्र जिवाणूच असावेत असे मानले जाते. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो आणि तो आपल्याला आईकडून मिळतो. मोनोसर्कोमोनॉइड्स या एकपेशीय दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेल्या) सजीवात तंतुकणिका अजिबात नाहीत, हे २०१६ मध्ये दाखवले गेले.

१५. श्वास चालू असून श्वसन बंद पडू शकते का? आणि श्वसन चालू असून एटीपी न मिळणे शक्य आहे का?

दोन्ही शक्य आहे. सायनाइड साखळीच्या शेवटच्या प्रथिनातल्या लोहाला चिकटते, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही पेशीला तो वापरता येत नाही. कच्च्या कसाव्याच्या कंदात सायनाइड सोडणारे संयुग असते. साबुदाणा करताना कंदाचे पिष्ट (स्टार्च) धुऊन आणि भाजून घेतात, म्हणून तो खाण्यास सुरक्षित होतो.

दुसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. पटलातून प्रोटॉन एटीपी सिन्थेजला वळसा घालून परत आले, तर अन्न आणि ऑक्सिजन खर्च होतात, पण सगळी ऊर्जा उष्णता होते. डायनायट्रोफेनॉल हे रसायन असेच करते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन उतरवण्यासाठी विकले गेले, शरीर आतून तापून माणसे दगावली आणि १९३८ मध्ये त्यावर बंदी आली. आजही ते चोरून विकले जाते. कोणी सुचवले तर कृपया घेऊ नका.

निसर्गाने मात्र हीच युक्ती आवर घालून वापरली आहे. नवजात बाळाला थंडीत मोठ्यांसारखे कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेभोवती आणि खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तपकिरी चरबी असते. तिच्या तंतुकणिकांत प्रोटॉनसाठी खास आडवाट करून देणारे प्रथिन असते आणि त्या उष्णतेवर बाळ ऊबदार राहते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे ही चरबी पुरेशी नसते, म्हणून त्याला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरून ठेवायला सांगतात.